सायकलचे वायरलेस सेन्सर आणि आपला मोबाईल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी दौलताबादच्या पायथ्याला चहाला थांबलो की कुणी ना कुणी माझ्या क्रँकला, म्हणजे पायडल ज्या दांड्याला असतं त्याला, लावलेल्या काळ्या डबीकडं बोट दाखवून विचारतंच, हे काय बसवलंय. लातूर, परभणी, नांदेड, बीडकडच्या मित्रांचे फोनही ह्याच गोष्टीसाठी येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून सगळं एका जागी लिहून काढलंय. मी संभाजीनगरला राहतो, पडेगाव-मिटमिटा करत दौलताबाद, तिथून घाट चढून खुलताबाद आणि पुढं वेरूळ हा माझा नेहमीचा रस्ता, त्यामुळं उदाहरणं तिथलीच येतील. इथं बाईक म्हणजे सायकल, मोटारसायकलचा एक प्रश्न आहे तो शेवटाकडं घेतलाय.

मोबाईलमधे जीपीएस आहेच की, मग सेन्सर कशाला?

आधी सेन्सर कोणकोणते ते सांगतो. स्पीडचा सेन्सर चाकाच्या हबला (सगळे स्पोक जिथं मिळतात तो मधला भाग) बसतो आणि चाक किती वेळा फिरलं ते मोजतो. केडन्सचा क्रँकला बसतो आणि तुम्ही मिनिटाला किती वेळा पायडल फिरवता ते मोजतो. हार्ट रेटचा पट्टा छातीला बांधायचा. चौथा पॉवर मीटर, तुम्ही किती वॅट जोर लावताय ते सांगणारा, तो महाग असतो आणि सुरुवातीला त्याची काहीच गरज नाही.

आता जीपीएसचं. सरळ रस्त्याला, म्हणजे जालना रोड किंवा पैठण रोडला तो अंतर चांगलंच बरोबर देतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो साधारण सेकंदाला एक ठिपका टाकतो आणि ते ठिपके सरळ रेषेनं जोडतो, म्हणून घाटात वळणांचे कोपरे कापले जातात, दाट झाडीत किंवा उंच बिल्डिंगांच्या मधे ठिपका रस्ता सोडून बाजूला जातो, आणि तुम्ही हॉटेलवर अर्धा तास पोहे खात बसलात तरी तो जागच्या जागी सरकत राहतो आणि अंतर वाढत जातं. चाकाला ह्यातलं काहीच लागू नाही, फिरलं तरच मोजलं जाणार. आणि केडन्स किंवा छातीचे ठोके हे जीपीएसला कळायचं काही कारणच नाही, त्याला फक्त तुम्ही कुठं आहात तेवढं कळतं.

पहिला कोणता घ्यावा?

केडन्सचा. दुकानदार बहुतेक वेळा स्पीडचा आधी दाखवतो, तरी माझं मत पक्कं आहे की पहिला केडन्सचाच घ्यावा, कारण स्पीड तुम्हाला जीपीएसवरून थोडाफार मिळतोच, पण आपण पायडल कसं मारतोय हे दुसऱ्या कशावरूनच कळत नाही.

माझंच सांगतो. खुलताबादचा घाट चढताना उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायचं, घरी आल्यावर जिना उतरताना जास्त. सीट वर केली, खाली केली, पुढं घेतली, फरक नाही. मग केडन्सचा सेन्सर लावला आणि पहिल्याच रविवारी कळलं की घाटात माझी केडन्स ४५ ते ५० असते, म्हणजे मी जड गिअरला नुसता दाबत होतो आणि प्रत्येक दाबाचा सगळा भार गुडघ्यावर येत होता. मला स्वतःला तर वाटायचं आपण चांगलं जोरात चालवतोय. मग मुद्दाम दोन गिअर हलके टाकून ६५-७० वर चढायला लागलो, आधी दम जास्त लागला, पण तीन-चार आठवड्यांत गुडघा शांत झाला. सगळ्यांच्या गुडघेदुखीचं कारण हेच असतं असं मी म्हणत नाही, सूज असेल, रात्री दुखत असेल तर हाडाच्या डॉक्टरलाच दाखवा. पण ज्यांना फक्त चढावर दुखतंय त्यांनी एकदा आपला आकडा बघावाच.

मग किती केडन्स बरोबर?

एकच बरोबर आकडा असा नसतो. सपाट रस्त्याला सवयीचे सायकलवाले ८० ते ९० वर असतात, नवीन माणूस ६० ते ७० वर असतो आणि त्यात काही बिघडत नाही, चढाला सगळ्यांचीच कमी होते. उगं दुसऱ्याची ९५ बघून आपली ओढून ताणून ९५ करायला जाऊ नका, सीटवर उड्या मारायला लागलात की समजा जास्त झालं. आपला नेहमीचा आकडा बघा आणि दर महिन्याला दोन-चारनं वर न्या. समोरून वारं असेल त्या दिवशी स्पीडकडं बघूच नका, फक्त केडन्स धरून चाला, घरी येईपर्यंत पाय शिल्लक राहतात.

घेताना काय बघायचं?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यात ब्लूटूथ आहे का. सेन्सर दोन भाषा बोलतात, एक अँट प्लस आणि दुसरी ब्लूटूथ लो एनर्जी. अँट प्लस ही सायकलच्या वेगळ्या कॉम्प्युटरसाठी चांगली, पण आयफोनमधे ती नाहीच आणि आजच्या बहुतेक अँड्रॉईड फोनमधेही नसते, पूर्वी काही मॉडेलमधे असायची. ब्लूटूथ लो एनर्जी ही २०१० च्या ब्लूटूथ ४.० पासून आली, त्यामुळं आता हातात असलेल्या जवळजवळ प्रत्येक फोनला चालते. बहुतेक नवे सेन्सर दोन्ही बोलतात. गडबड होते ती जुन्या मालात, ओळखीच्या कुणाकडून वापरलेला सेन्सर स्वस्तात घेतला आणि तो फक्त अँट प्लसचा निघाला तर मोबाईलला तो कधीच दिसणार नाही. गार्मिनचे पहिल्या पिढीचे स्पीड आणि केडन्स सेन्सर फक्त अँट प्लसचे होते, २०१९ च्या दुसऱ्या पिढीत ब्लूटूथ आलं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

दुसरं, काही सेन्सर एकच डबी स्पीडसाठी किंवा केडन्ससाठी वापरता येतात, बॅटरी काढून परत घातली की मोड बदलतो आणि लाईटच्या रंगावरून कोणता मोड आहे ते कळतं. एकावेळी एकच काम करतो मात्र, दोन्ही पाहिजेत तर दोन डब्या लागतात. बरेच जण इथंच फसतात, हबला लावलेली डबी केडन्सच्या मोडमधे राहते आणि मग ॲपवर काहीतरी भलतेच आकडे येतात.

किंमत मुद्दाम लिहीत नाही, सेल आला की बदलते.

बसवायचा कसा? मिस्त्री लागतो का?

नाही लागत. केडन्सचा डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला, म्हणजे चेन नसते त्या बाजूला, रबर बँडनं ओढून बांधायचा. बांधल्यावर पायडल हातानं सावकाश पूर्ण फिरवून बघा की डबी फ्रेमला घासत नाही ना, काही सायकलींना तिथं बोटभरसुद्धा जागा नसते. स्पीडचा हबच्या मधोमध रबर बँडनं. पुढच्या चाकाला लावला तर चिखल कमी बसतो, पण घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, चालवणार असाल तर मागच्याच चाकाला लावा कारण तिथं पुढचं चाक फिरतच नाही.

पूर्वी स्पोकला चुंबक आणि फोर्कला डबी असायची, चुंबक सरकलं की मोजणी बंद. आताच्या सेन्सरमधे आतच हालचाल ओळखणारी चिप असते म्हणून चुंबक लागत नाही. आणि रबर बँड सैल वाटत असेल तर पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून घ्या आणि डबीच्या खाली द्या, जागचा हलत नाही.

ॲपमधे चाकाचा घेर विचारतंय, तिथं काय टाकू?

हा प्रश्न सगळे जण घाईघाईत सोडून देतात आणि नंतर म्हणतात सेन्सर खोटं बोलतोय. सेन्सरला किलोमीटर कळतच नाही हो, त्याला फक्त फेरे कळतात. एका फेऱ्यात तुमचं चाक किती जातं ते तुम्ही सांगायचं, मग ॲप गुणाकार करतं.

साधारण आकडे असे की ७०० बाय २५ टायरला २१०५ मिलिमीटर, ७०० बाय २८ ला २१३६, ७०० बाय ३५ ला २१६८, २६ बाय १.९५ ला २०५०, साडेसत्तावीस बाय २.१ ला २१४८ आणि २९ बाय २.१ ला २२८८. टायरच्या कडेला साईज छापलेली असते, ती वाचा. बऱ्याच ॲपमधे आधीच २०९६ भरलेलं असतं, ते बारीक टायरच्या रेसिंग सायकलचं आहे. तुमची २९ ची एमटीबी (जाड टायरची माउंटन बाईक) असेल आणि तुम्ही तो आकडा तसाच ठेवला तर खरे १०० किमी चालवल्यावर ॲप ९१.६ दाखवणार, म्हणजे ८.४ किमीची मेहनत गायब. २६ वाल्याला उलटं, त्याला १०० चे १०२ च्या वर दिसणार.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे स्वतः मोजा. टायरमधे नेहमीची हवा भरा, अंगणात किंवा गच्चीवर सायकल सरळ धरा, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा आणि तिथं फरशीवर खडूनं रेघ मारा. मग सीटवर बसून, घरच्या कुणाला तरी हँडल धरायला सांगून, चाकाचे बरोबर तीन फेरे होईपर्यंत सरळ पुढं जा, व्हॉल्व्ह परत खाली आला की दुसरी रेघ. टेपनं अंतर मोजायचं आणि तीननं भागायचं. वर बसूनच मोजायचं कारण वजनानं टायर थोडा दबतो.

सेन्सर कनेक्टच होईना गेलाय, काय करावं?

सगळ्यात जास्त फोन ह्याच्यासाठी येतात. आधी सेन्सर जागा करा. बॅटरी वाचवायला तो झोपतो, म्हणून क्रँक किंवा चाक आठ-दहा वेळा फिरवा आणि फिरवता फिरवताच ॲपमधे शोधा. सायकल भिंतीला टेकवून नुसतं फोनमधे सर्च करत बसलात तर दिवसभर सापडणार नाही.

मग सगळ्यात मोठी चूक, फोनच्या सेटिंगमधल्या ब्लूटूथच्या यादीत जाऊन जोडायला बघणं. तिथं नाही जोडायचं. हेडफोन तिथं जोडतात, सेन्सर ॲपच्या आत जोडायचा. तिथं जोडून ठेवला असेल तर आधी फरगेट करा.

अँड्रॉईड ६ पासून ११ पर्यंतच्या फोनमधे ब्लूटूथची वस्तू शोधायला लोकेशनची परवानगी लागते आणि लोकेशन चालू असावं लागतं, लोकांना वाटतं लोकेशनचा इथं काय संबंध, पण सिस्टिमच तशी आहे. १२ पासून निअरबाय डिव्हायसेस म्हणून वेगळी परवानगी आली, ती नाही दिली तर ॲपला सेन्सर दिसत नाही. जीपीएसनं राईड मोजायची तर लोकेशन दोन्हीकडं लागतंच.

एवढं करूनही दिसत नसेल तर घरातला दुसरा फोन बघा. बरेच सेन्सर एकावेळी ब्लूटूथवर एकाच फोनशी बोलतात, त्यामुळं तुमच्या जुन्या फोनमधे, नाहीतर पोराच्या टॅबमधे ॲप उघडं असेल तर त्यानं सेन्सर धरून ठेवलेला असतो आणि तुमच्या फोनला तो दिसतच नाही. परभणीच्या एका मित्राची दोन दिवस झटापट चालली होती, शेवटी सेन्सर बायकोच्या मोबाईलला जोडलेला निघाला. आणि हे सगळं बघून झालं की मग बॅटरी बदला.

कोणतं ॲप वापरायचं? स्ट्राव्हामधे केडन्स दिसंना गेलीय.

दिसणार पण नाही. स्ट्राव्हानं (राईड टाकून इतरांना दाखवायचं ॲप) २०१९ ला मोबाईल ॲपमधून सेन्सर थेट जोडायची सोय काढली, २०२० मधे ब्लूटूथ हार्ट रेट तेवढा परत आणला. त्यामुळं स्ट्राव्हाच्या ॲपला छातीचा पट्टा जोडता येतो, स्पीड-केडन्स नाही. ह्यात सेन्सरचा काही दोष नाही.

मग रेकॉर्ड दुसऱ्या ॲपमधे करायचं आणि राईड झाल्यावर फाईल स्ट्राव्हाला द्यायची. अँड्रॉईडवर ओपनट्रॅक्स आहे, फुकट, जाहिराती नाहीत, सगळा डेटा तुमच्या फोनमधेच राहतो, आणि स्पीड, केडन्स, हार्ट रेट सगळे ब्लूटूथ सेन्सर घेतं. दिसायला साधं आहे पण मला तेच आवडतं. आयफोनवर सायकलमीटर आहे. राईड विथ जीपीएस आणि वाहूचं ॲप दोन्हीकडं चालतात. ॲपल वॉच असेल तर वॉचओएस १० पासून सेन्सर थेट घड्याळाला जोडता येतात आणि आयफोनच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आकडे दिसतात.

फाईल काढताना फिट (FIT) हा फाईलचा प्रकार असेल तर तो निवडा. जीपीएक्स (GPX) हा दुसरा प्रकार मूळचा रस्त्याच्या ठिपक्यांसाठी आहे, त्यात केडन्स आणि ठोके जोडपट्टीसारखे बसवलेले असतात आणि एखाद्या ॲपनं ते वाचलेच नाहीत तर नकाशा येतो, आकडे गायब.

स्क्रीन बंद करून खिशात टाकला की रेकॉर्डिंग थांबतंय.

फोन बॅटरी वाचवायला मागं चाललेलं ॲप मारून टाकतो. सेटिंगमधे त्या ॲपच्या बॅटरीत जाऊन अनरिस्ट्रिक्टेड करा, काही फोनमधे ऑटोस्टार्ट म्हणून वेगळं बटन असतं तेही चालू करा, आणि लोकेशनला फक्त एकदा ही परवानगी देऊ नका. मग दहा किमीची छोटी राईड करून खात्री करा, एकदम शंभरच्या राईडला नवीन ॲप घेऊन निघू नका. माझी पैठणची एक पूर्ण राईड, जाऊन येऊन १०० किमीच्या आसपास, अशीच गेली, ॲपमधे फक्त पहिले ११ किमी होते. त्या दिवशी नाथसागराच्या कडेनं इतकं सुंदर चालवलं होतं की अजून हळहळ वाटते.

मधेच कनेक्शन तुटलं तर तेवढे किलोमीटर जातात का?

सहसा नाही. सेन्सर "आत्ता स्पीड २४ आहे" असं सांगत नाही, तो सांगतो की आतापर्यंत एकूण इतके फेरे झाले आणि शेवटचा फेरा ह्या क्षणाला झाला, वेळ तर सेकंदाच्या १०२४ व्या भागापर्यंत मोजतो. ॲप आधीच्या आणि आताच्या आकड्यातली वजाबाकी करून स्पीड काढतं. म्हणून मधे पाच-दहा सेकंद बोलणं तुटलं तरी परत जोडल्यावर एकूण फेऱ्यांचा आकडा पुढचाच येतो आणि चांगलं ॲप ते अंतर भरून काढतं.

सिग्नलला थांबल्यावरही दोन-तीन सेकंद स्पीड दिसत राहतो तो पण ह्याच्यामुळंच. चाक थांबलं की नवीन फेरा येत नाही, ॲप थोडी वाट बघतं आणि मग शून्य करतं.

वारंवार तुटत असेल तर फोन कुठं ठेवता ते बघा. हे सिग्नल २.४ गिगाहर्ट्झवर असतात आणि आपलं पाण्यानं भरलेलं शरीर ते शोषून घेतं. फोन जर्सीच्या मागच्या उजव्या खिशात आणि सेन्सर डाव्या क्रँकला म्हणजे मधे अख्खा माणूस आला. डाव्या खिशात टाका नाहीतर हँडलला लावा.

आमच्याकडं अर्ध्या रस्त्याला रेंज नसते, मग?

रेंज लागतच नाही. जीपीएस उपग्रहावरून चालतो आणि सेन्सर ब्लूटूथवर, दोघांनाही सिमकार्डशी काही देणंघेणं नाही. नेट नसताना पहिल्यांदा जागा सापडायला थोडा वेळ जास्त लागतो, म्हणून घरूनच ॲप चालू करून निघा, आणि नकाशा पाहिजे असेल तर तो आधी डाऊनलोड करून ठेवा. लांबचा रूट आखताना हे पण बघून घ्या की समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगी नाही.

एप्रिल-मे मधे मोबाईल तापून बंद पडतो.

पडणारच. ॲपल स्वतः सांगतं की आयफोन ० ते ३५ अंशाच्या हवेत वापरा, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, त्यात हँडलवर थेट ऊन, स्क्रीन फुल ब्राईट, वर जाड कव्हर. आधी स्क्रीन मंद होते मग फोन बंद. उन्हाळ्यात फोन खिशात ठेवा, स्क्रीन बंद, आणि ॲपमधे दर पाच किमीला बोलून सांगायची सोय चालू करा, बॅटरीही वाचते कारण बॅटरी खरी स्क्रीनच खाते, सेन्सरचं ब्लूटूथ फार थोडी खातं. गरम झालेला फोन पाण्यात किंवा बर्फाजवळ धरू नका, सावलीत ठेवला की येतो. आणि फोन बंद पडण्याइतकं ऊन असेल तर तुम्ही पण रस्त्यावर नसायला पाहिजे, साडेपाचला निघा, साडेआठच्या आत घरी या.

पावसाचं आणि काळ्या मातीचं काय?

पावसाला सेन्सर घाबरत नाहीत, बहुतेक आयपीएक्स ७ चे, म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाले तरी टिकणारे, असतात. काळी माती मात्र बघा. गावाकडच्या कच्च्या रस्त्याला पहिल्या पावसानंतर ती टायरला असा थर धरते की चाक फिरेना होतं, आणि मातीचा गोळा फ्रेमला घासत फिरताना केडन्सची डबी ओढून काढतो. असल्या रस्त्याला शिरायच्या आधी डबी काढून खिशात ठेवा. धुताना सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशरचा पाईप थेट डबीवर मारू देऊ नका.

बॅटरी किती चालते, कुठं मिळते?

बहुतेकांत सीआर २०३२ हा बटन सेल असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो. २० म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून दुकानदारानं "२०२५ चालतो की" म्हणून दिला तर घेऊ नका, तो पातळ असतो, खड्ड्यात दणका बसला की संपर्क तुटतो. रोज तासभर चालवणाऱ्याला वर्षाच्या आसपास जातो. काही सेलवर लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू थर दिलेला असतो, त्यानं एखाद्या सेन्सरला करंट लागत नाही, तेव्हा नवीन सेल घालूनही चालत नसेल तर हे पण तपासा.

आणि हे फार मनापासून सांगतोय, जुना सेल टेबलावर, खिडकीत ठेवू नका. लहान लेकरानं गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतसुद्धा आतून भाजतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलला जायचं. सेल बदलला की दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून वर ठेवायचा आणि ई-कचऱ्यात द्यायचा.

ग्रुप राईडला दुसऱ्याचा सेन्सर माझ्या ॲपला जोडला गेला.

क्रांती चौकात वीस जण जमले आणि त्यातल्या आठ जणांकडं एकाच कंपनीची डबी, मग असं होतं. पहिली जोडणी घरी एकट्यानं करा. सेन्सरच्या नावापुढं नंबर असतो तो लिहून ठेवा, ॲपमधे नाव बदलता येत असेल तर बदला.

मी एकटी सकाळी सायकल चालवते, राईड टाकली की घर कळतं का?

हो ताई, कळू शकतं, रोजची राईड एकाच ठिकाणी सुरू होते आणि तिथंच संपते. स्ट्राव्हामधे सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लपवायची सेटिंग आहे, आणि राईड फक्त स्वतःला दिसेल अशीही ठेवता येते. हे दोन्ही पहिल्याच दिवशी करा. २०१८ मधे ह्याच ॲपच्या हीटमॅपवरून (सगळ्यांच्या राईडचे रस्ते एकत्र दाखवणारा नकाशा) लष्करी तळांच्या आतले रस्ते दिसल्याची बातमी जगभर झाली होती, मग आपली गल्ली तर दिसणारच. घरच्यांना मात्र व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन देऊन निघा, ८ तासांपर्यंत देता येतं.

हार्ट रेटचा पट्टा की घड्याळ?

पट्टा. तो हृदयाचे विजेचे संकेत वाचतो, घड्याळ मनगटावर प्रकाश टाकून अंदाज घेतं आणि हँडल घट्ट धरलं, खड्डे आले की चुकतं. पट्ट्याचे पॅड घालायच्या आधी पाण्यानं ओले करा, नाहीतर घाम येईपर्यंत वेडेवाकडे आकडे येतात. जास्तीत जास्त ठोक्यांसाठी सांगतात ते २२० वजा वय हा फक्त सरासरीचा अंदाज आहे, त्याला धरून स्वतःला ताणू नका. उन्हात त्याच स्पीडला ठोके जास्त दिसतात, पाणी कमी पडलं की अजून वाढतात, तो आकडा खरा असतो, तेव्हा वेग कमी करायचा. छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला तर ॲप बघत बसू नका, थांबा आणि मदत बोलवा.

बीआरएमला (ठराविक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) सेन्सर लागतो का?

नाही. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०, एवढ्या वेळेत कंट्रोल पॉईंट घेत पोचायचं असतं, सेन्सरची अट नाही. पण तयारीला केडन्स फार उपयोगी पडते, आठव्या-नवव्या तासाला ती खाली यायला लागली की समजायचं खाणं कमी पडलंय. पॉवर बँक ठेवा. आणि गाळप हंगामात रात्री बीड, लातूर, धाराशिवकडं चालवताना सगळे आकडे बाजूला ठेवा, उसाच्या ट्रॉलीला मागं लाल लाईट नसतो आणि ती दिसते तेव्हा फार जवळ आलेली असते.

मोटारसायकलला लावता येईल का?

त्यासाठी बनवलेले नाहीत, नका लावू. फोनही मोटारसायकलच्या हँडलला थेट लावू नका, इंजिनच्या थरथरीनं कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं असं ॲपलनं २०२१ मधे लिहून जाहीर केलंय.

आमच्या वडिलांची जुनी काळी सायकल आहे, बिनगिअरची, तिला चालेल?

चालतं, आणि छान चालतं. क्रँक बारीक गोल असतो म्हणून वर सांगितलेली ट्यूबची पट्टी दोन वेढे द्यावी लागते. गिअर नसल्यामुळं तुम्ही पायडल मारताय तोपर्यंत केडन्स आणि स्पीडचं नातं पक्कं असतं. आमच्या आबांच्या सायकलला पुढं ४४ दाते आणि मागं १८, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, चाकाचा घेर आम्ही खडूनं मोजला तर २२२० मिलिमीटरच्या जवळ आला. हिशोब केला तर केडन्स ६२ ला स्पीड २० येतो.

मागच्या हिवाळ्यात त्यांना न सांगता डबी लावली आणि मिटमिट्यापासून दौलताबादपर्यंत मागं मागं चालवत गेलो. सत्तरीचा माणूस, धोतर वर खोवलेलं. घरी येऊन ग्राफ बघितला तर ६० ते ६४ च्या मधे एकच सपाट रेघ, शरणापूर फाट्याच्या गर्दीत तेवढी खाली आलेली. आबांना दाखवलं तर चष्मा लावून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, चढाला उतरून ढकलली ते पण दिसतंय का ह्याच्यात? दिसत होतं, शेवटाला चार मिनिटं शून्य.